आप्पांनी काढलेलं कलम

आमच्या गावात पाहुणा आला की तो आधी घरच्यांना भेटत नाही, शिवलिंगआप्पांना भेटतो. एस.टी. नदीच्या उताराजवळ थांबते आणि तिथंच आप्पांचा ओटा. ओट्यावरून काठी आडवी येते. "माल कुठला? मालक कुठला?" पाहुणा मुकाट्यानं पिशवी उघडतो. आप्पा हात घालून तळापर्यंत चाचपतात, शेंगा असल्या तर चार काढून घेतात, विड्या असल्या तर एक, आणि शेवटी विचारतात, "अजून काय?" काही नाही म्हटलं की काठी वर होते. "जा, सुटला."

निजामाच्या राज्यात आप्पा करोडगिरी नाक्यावर कारकून होते. हद्दीतून येणारा माल तपासायचा आणि त्यावर महसूल घ्यायचा, हे काम. निजाम गेला, पुढं नाकेही उठले, आप्पा तेवढे उठले नाहीत. एका लग्नात त्यांनी नवरीचं रुखवत अडवलं आणि लाडू फोडून आत पाहिलं. ती विहीणबाई अजून त्यांच्याशी बोलत नाही. मी तालुक्याहून पत्रकांचा गठ्ठा आणला की एक पत्रक महसुलात जाई. त्याची सुरळी करून आप्पा कान कोरीत आणि म्हणत, "पुढारी, ह्याला धार न्हाई."

ती पत्रकं नावेसाठी होती. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. आम्ही ह्या काठाला. दवाखाना, शाळा, बाजार त्या काठाला. पावसाळाभर एस.टी. बंद, म्हणून आमची माणसं गुळाच्या काहिलीत बसून गंगा ओलांडतात. ज्या काहिलीत उसाचा रस आटवायचा, तिच्यातच अडलेली बाई न्यायची. काहील ज्याची, त्याची माणसं आधी, मग त्याची पोती, आणि आमच्या बौद्धवाड्याची पाळी सगळ्यात शेवटी. नाव द्या म्हणून सरकारला अर्ज केले. उत्तर आलं, विचाराधीन. कुणाच्या विचारात, ते कुणी सांगत नाही.

आप्पांची बायको ह्याच काठावर गेली. अंगात ताप, समोर पूर, आणि काहील सोडायला कुणी तयार नाही. आईला माती देऊन मुलगा महादेव गावातून गेला तो थेट कुवेतला. तिथं बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर झाला. पैसे पाठवी, स्वतः येत नसे. मग त्यानं कळवलं की मालक एक जुनी मोटारबोट स्वस्तात देतोय, ती घेऊन गावाला पाठवतो.

आम्ही मुंबईला चौकशी केली. बाहेरून येणाऱ्या बोटीवर कर आहे, आणि तो बोटीच्या किमतीहून मोठा आहे, असं कळलं. श्रीमंताच्या करमणुकीच्या बोटीला जो कर, तोच बाळंतीण नेणाऱ्या बोटीला. माझं डोकं फिरलं. आप्पा मात्र खुलले. किती वर्षांनी त्यांच्या नाक्यावर खरा माल येणार होता! परभणीच्या एका वकिलाकडून त्यांनी नियमांचं पुस्तक आणवलं, माझ्याकडून वाचून घेतलं, आणि नेमकं कलम काढलं. महादेवनं बोट तिथंच विकत घ्यायची, तिथंच स्वतःच्या नावावर नोंदवायची, वर्षभर वापरायची. मग तो कायमचा मायदेशी परतला, की वापरलेलं सामान म्हणून बोटीवरचा कर थोडाच.

"नव्या मालाला महसूल लय, वापरल्याला सवलत," आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सवलतीच्या अर्जात बंदराचं नाव विचारलं होतं. आप्पांनी लिहायला लावलं, 'उतार, पिंपळाखाली'. परभणी जिल्ह्यात बंदर कोणतं, अशी मुंबईहून विचारणा आली. आप्पा म्हणाले, "बोट आल्यावर हुईल."

बोट महादेवच्या नावावर झाली, वर्ष भरायचं होतं, तेवढ्यात उन्हाळ्यात मला दुसरी वाट सापडली. पलीकडचा दवाखाना धर्मादाय. तिथले डॉक्टर म्हणाले, बोट दवाखान्याला देणगी म्हणून आली तर सगळा कर माफ होईल. महादेवनं ती तिकडून जहाजावर चढवून द्यायची, बाकीचं आम्ही बघतो. मी धावत आप्पांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "ह्या कलमात खोट हाय."

कुठली खोट, ते सांगेनात. महादेवला कळवायलाही तयार होईनात. मी तोंडावर सांगितलं, बिनकराची येणारी बोट अडवून तुम्ही नाक्याची हौस फेडताय, आणि इकडं माणसं काहिलीत बसतायत. आप्पांनी काठी उचलून मांडीवर घेतली. "तू पत्रकं छाप," म्हणाले.

आषाढात काहील मधल्या धारेत गरगरली आणि कलंडली. बाकीचे पोहून निघाले. आमच्या वाड्यातली कौसल्या दिवस भरल्यामुळं दवाखान्यात निघाली होती. पाळी शेवटची म्हणून सकाळपासून काठावर बसून होती. ती दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडली. तहसिलातून एक माणूस आला, काहिलीचं माप घेऊन गेला.

कौसल्याला पोचवायला आप्पा आले होते, सगळ्यांच्या मागं चालत. परतताना ते माझ्या घरी आले. आमच्या वाड्यात त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. काठी दाराबाहेर ठेवून आत बसले.

"महादेवला लिही," म्हणाले. "बोट दवाखान्याच्या नावानं चढव म्हणावं. जल्दी."

मी कागद घेतला. राग होताच, म्हणून विचारलं, "आता खोट गेली का कलमातली?"

"खोट हाय तिथंच हाय," आप्पा म्हणाले. "माझ्या कलमात मालकाला संगं यावं लागतंय. कायमचं. तुझ्या कलमात बोट एकटीच येती."

बोट दिवाळीनंतर आली, मुंबईहून ट्रकवर, ताडपत्रीखाली झाकून. सारं गाव उताराकडं पळालं. ट्रक ओट्यासमोर आला तशी काठी आडवी झाली. आज कुणी हसलं नाही. आप्पा चाकावर पाय देऊन वर चढले, ताडपत्री उचलून आत गेले, फळ्यांखाली, मोटारीच्या मागं, थेट तळापर्यंत हात घालून चाचपत राहिले. मग खाली उतरून ट्रकवाल्याला विचारलं, "अजून काय?"

"काय नाही, बाबा. बोटच आहे."

काठी वर झाली नाही. मागून एस.टी. आली, थांबली, हॉर्न वाजवू लागली. तरी कुणीच आप्पांना बाजूला व्हा म्हणालं नाही.