नीलदीपाकारणे मलकापुरावर स्वारी

श्री. ऐकणारांनी सावध व्हावे. शके अठराशे पंच्याऐंशी, शोभननाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, वऱ्हाड प्रांती, मौजे मोताळा येथील सहावीचे मास्तर, राजमान्य राजश्री इंद्रभान नारायणराव यांणी मलकापूरच्या सरकी काढण्याच्या जिनावर एकट्याने चाल केली, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ घातलेले नाही. जे खारट लागेल ते मुळातलेच.

मजकूर मास्तरांनी चार वर्षे खपून, बारा वर्षांवरील मुलामुलींकरिता, 'सप्तशिखरीचा नीलदीप' नामे ग्रंथ रचला होता. त्यात राजपुत्र चंद्रकेतु आणि पहाडकन्या कलिका ही सात शिखरे ओलांडून अंधारल्या राज्याकरिता अखंड जळणारा निळा दिवा आणावयास जातात, आणि वाटेत बोलणारे गरुड, उलट्या वाहणाऱ्या नद्या व तीन तोंडांचा राक्षस यांचा बंदोबस्त करितात. खाशा ग्रंथकर्त्याने डोंगर म्हणून राजूरचा घाट तेवढा पाहिला होता, तोही मोटारीच्या खिडकीतून, आणि तेव्हा ओकारी जाहली होती. परंतु पुण्याच्या पुस्तकवाल्यांचा खलिता आला की, हस्तलिखित या सोमवारच्या टपालात पडल्यास छापू, न पडल्यास दुसऱ्या कोणाचे घेऊ. आणि प्रत एकच होती, चार जाड वह्यांची, तांबड्या फडक्यात बांधलेली.

आता ती ठेवावी कोठे? शाळेच्या कपाटातील वाळवीने मास्तरांचा मागला ग्रंथ अकराव्या अध्यायापर्यंत आवडीने खाल्ला होता. मग मास्तरांनी मसलत केली. घरच्या पुढल्या खोलीत यंदाचा कापूस आढ्यापर्यंत रचला होता, भाव चढेतो तो हलणार नव्हता. कोरडा, उबदार, वाळवीस दुर्गम. सबब फडके त्या राशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून दडविले, आणि स्वारी निर्धास्तपणे साडूच्या घरच्या लग्नास दुसरबीडास रवाना जाहली.

सोमवारी सकाळी स्वारी परतली, तो पुढल्या खोलीत चार भिंती आणि एक पाल. भाव चढला होता. थोरले बंधू रामराव यांणी शनिवारीच बैलबंडी भरून राशीसुद्धा मलकापूर गाठले होते. मास्तर उंबऱ्यावर दगडासारखे उभे राहिले.

सौभाग्यवती सत्यभामाबाई विचारत्या जाहल्या, "असे काऊन उभे राह्यले? भिंती कधी पाह्यल्या नाही का?"

मास्तरांनी वर्तमान निवेदिले. बाईंनी हातातली परात खाली ठेविली.

"कापसात? अवं माय! घरात पेटी हाय, फडताळ हाय, पिठाचा डबा हाय. कापसात कोन ठेवते हो वह्या?"

"भाऊले काई दिसलं नाही का भरताना?"

"त्याईले बैल दिसते अन् भाव दिसते. जा लवकर, आता मलेच इचारत बसू नोका."

मग मास्तरांनी शेजारच्या उकंडरावांची सायकल मागून घेतली आणि सात कोसांची कूच केली. पहिल्या कोसास धोतराचा सोगा साखळीत गेला आणि अर्धा तेथेच राहिला. तिसऱ्या कोसास बाभळीच्या काट्याने पुढल्या चाकाचे प्राण घेतले. मग ज्वारीच्या कडब्याची एक बंडी कुमकेस आली, सायकल वर चढविली, मास्तरही चढले. परंतु बैल आपल्या मर्जीचे, वाटेत दिसेल त्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, तळ देत. गाडीवान कचरू यांस घाई करण्याचा हुकूम केला असता ते म्हणाले, "मास्तर, तुमी पोरायले हाका. बैल माह्यावर सोडा." येणेप्रमाणे दिवस कलता जिनाच्या फाटकाशी मुक्काम पडला. टपाल पाचास बंद होत असे, आणि चार वाजून गेले होते.

आत पाहतात तो अंगणात कापसाचे पांढरे पहाड, मोजले तो नेमके सात. मास्तरांनी ईश्वराचे नाव घेऊन पहिल्यावर उडी घातली आणि कमरेपर्यंत गडप जाहले. हातपाय मारिले तो छातीपर्यंत गेले. मग पलीकडून कोणी स्त्री मोठ्याने वाचत आहे ऐसा आवाज आला, आणि शब्द ओळखीचे निघाले: "हे कलिके, तू येथेच थांब." मास्तर तसेच कापूस पांघरून बाहेर आले.

कापसातला कचरा वेचणाऱ्या दहा-बारा बाया सावलीत चहाच्या सुटीस बसल्या होत्या. मध्ये अंबूबाई, चौथी पास, मांडीवर तांबडे फडके.

"बाई, हे माह्यं हाय!" मास्तर ओरडले.

अंबूबाईंनी वर पाहिले. "तुमी लेहेलं का? बसा मंग. दोन दिस झाले, सुटीत हेच चालू हाय. आता गुहेच्या तोंडापाशी आलो."

"दोन दिवसांत चारी वह्या वाचल्या?"

"दोनच. मधल्या दोनात नुसते डोंगरच डोंगर. त्या वरवर चाळून देल्ल्या."

मास्तरांच्या काळजास जखम जाहली, परंतु रण सोडिले नाही. फडके मागितले. अंबूबाईंनी ते उचलून बुडाखाली घेतले आणि त्यावर बसल्या.

"आधी येक सांगा. राक्षसाचं तिसरं तोंड कोनं बंद केलं?"

"कलिकेनं."

"नदीतून पोराले पाठीवर कोनं आणलं?"

"कलिकेनं. पण तो राजपुत्र..."

"दर डोंगरावर चक्कर येऊन पडते तो. अन् दिवा आणाले हा आत जाते, अन् हे बाहेर उभी? काऊन बे?" सख्यांनी एकमुखाने "हाव, काऊन?" ऐसा जयघोष केला. मास्तरांस "बे" आजवर कोणी म्हटले नव्हते.

मास्तरांनी परंपरा सांगितली, गुहेतील धोके सांगितले, पुण्याचे वाचक सांगितले. बाया ढळल्या नाहीत. सुटी संपल्याचा भोंगा होण्यास पाव घटका, टपालास अर्धा तास. मग तह जाहला. गासड्यांवर खुणा करण्याची जांभळी पेन्सिल आणविली. मास्तर पोत्यावर बसून लिहिते जाहले आणि अंबूबाई सांगत्या जाहल्या. कलिका आत गेली. दिव्याजवळ म्हातारी राखणदारीण होती, तिला कलिकेने पाणी पाजले, तिने दिवा दिला. इतकेच. "लढाई नाही?" मास्तरांनी काकुळतीने विचारिले. "सात डोंगर चढून आलेली बाई थकली आसते, मास्तर," अंबूबाई म्हणाल्या. मास्तरांनी हे वाक्य जैसेच्या तैसे लिहून घेतले. चार वर्षांत त्यांस ऐसे सुचले नव्हते.

पाचास तीन मिनिटे कमी असता पुडके टपालखिडकीत पडले. मास्तर अंगभर कापूस, अर्धे धोतर, हातात मेलेली सायकल ऐसे बऱ्याच रात्री घरी पावले.

सत्यभामाबाईंनी भाकर वाढता वाढता विचारिले, "गेलं टपालात?"

"गेलं."

"मंग दिवा कोनं आणला?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. ग्रंथाचा एक शब्दही त्यांनी घरी वाचून दाखविला नव्हता. "कलिकेनं," ते म्हणाले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकर पडली.

येणेप्रमाणे मलकापूरची मोहीम फत्ते जाहली ऐसे लिहून ठेविले आहे. ग्रंथ शके अठराशे शहाऐंशीत छापून आला. मुखपृष्ठावर दिवा कलिकेच्या हाती आहे. राजपुत्र मागे आहे, धोंड्यावर बसलेला, धाप टाकीत.