गल्लीभरच्या सुऱ्या

तात्या कुणाच्या घरी गेले की पाणी मागत नाहीत, सुरी मागतात. "सुरी बघू की जरा," म्हणत सरळ ओट्यापाशी पोचतात. घरात पूजा असो, पाहुणे असोत, त्यांना काही फरक पडत नाही. मूठ हातात धरून दोनदा दाबतात आणि डॉक्टरच्या चेहऱ्यानं निकाल देतात, "ह्येला पकड न्हाय." झालं! खिशातून सुताच्या दोरीचं बंडल निघतं आणि तात्या तिथंच मांडी घालून बसतात.

तात्या मूळचे करकंबचे, आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. सोलापुरात सरकारी कचेरीत जन्मभर फायलींना नाड्या बांधल्या. निवृत्त झाल्यावर बोटांना करमत नसेल, अशी आमची आपली समजूत.

काम मात्र देखणं. मुठीवर दोरीचा एक लांब फास उभा ठेवायचा, त्यावरून खालून वर घट्ट वेढे घालत यायचं, शेवटचं टोक फासात घालून दुसरं टोक खालून ओढायचं. टोक वेढ्यांच्या पोटात गडप! "गाठ दिसली न्हाय पायजे," तात्या म्हणतात.

एकदा एका आचाऱ्याच्या झाडून सगळ्या सुऱ्या पिशवीत घालून ते स्कूटरवरून निघाले. चौकात हवालदारानं अडवलं. पिशवी उघडली आणि तो दोन पावलं मागंच सरला.

"कुठं निघालाय एवढी हत्यारं घेऊन?"

"हत्यारं कुटली सायेब, कांदा-कोथमिरीच्या हायत." मग त्याच्याकडं निरखून बघत, "तुमची काठी बघू की जरा."

तात्या सुटले. त्या चौकातल्या हवालदाराच्या काठीला आजही पांढरी शुभ्र मूठ आहे.

आमच्या घरी मात्र प्रकरण चिघळलं. दोरी ओली होते, कांद्याचा वास धरते, म्हणून माझी बायको नंदा वैतागायची. ती दोरी काढून टाकायची, आठवड्यात तात्या हजर. नवी दोरी, तोच उत्साह. परवा सकाळी तिनं कात्रीनं सगळे वेढे कापले आणि मला सांगितलं, "तुम्ही जाऊन सांगा. आता माझ्या सुरीला हात लावायचा नाही."

मी गेलो. तात्या बाहेर कट्ट्यावर बसले होते. मी जरा कडक आवाजातच म्हणालो, "तात्या, आता पुरे. नंदाला नाही आवडत ते."

त्यांनी आधी घरात डोकावून बघितलं. दार हळूच ओढून घेतलं.

"काडली का काय दोरी?"

"काढली."

"आरं द्येवा! आज संध्याकाळी आमची ही तुमच्याकडं येणार हाय की."

काकू येण्याचा आणि दोरीचा काय संबंध, मला कळेना. तात्या खाली बघत म्हणाले, "तिच्या उजव्या हातात जोर ऱ्हायला न्हाय. सुरी निसटती. मला म्हणती, सुरीच वाईट हाय. मी म्हटलं, मी चिरतो भाजी, तर दोन दिवस बोलली न्हाय माझ्याशी. मग तिच्या सुरीला जाड मूठ केली. तर म्हणाली, मला पांगळी ठरवलं व्हय?"

"मग?"

"मग काय, सगळ्यांच्याच सुऱ्यांना बांदत सुटलो. ज्याच्या त्याच्या घरात तेच दिसलं, की तिला काय वाटायचं न्हाय. लोक मला येडा म्हणतात. म्हणू द्या की."

मी त्यांच्याकडून दोरी मागून घेतली.

घरी येऊन नंदाला सांगितलं. मग तिनं सुरी धुऊन, कोरडी करून माझ्यासमोर ठेवली. माझे वेढे कुठं सैल, कुठं एकावर एक. शेवटी टोक काही आत जाईना, तेव्हा तिनंच ते ओढून दिलं.

संध्याकाळी काकू आल्या, पाठोपाठ तात्याही. नंदा दोडका चिरत होती. काकूंची नजर सुरीवर गेली.

"अगं बया! तुमच्याकडं बी? आनि किती वाईट बांदलंय! म्हातारपणात ह्यांचा हातच बिगडला बगा."

तात्या दारातल्या कॅलेंडरकडं निरखून बघत उभे राहिले.

"आन इकडं," म्हणत काकूंनी ताट ओढलं आणि नंदाच्या हातातून सुरी घेतली. चकत्या काही एकसारख्या पडत नव्हत्या. एक जाड, एक पातळ. पण सुरी हातात टिकली. बोलता बोलता सगळा दोडका त्यांनी चिरून टाकला.

नंदानं ताट उचललं आणि म्हणाली, "काकू, उद्या गवार आहे. मला एकटीला कंटाळा येतो हो. याल का?"