दोन शून्यं कमी

मुलगी रविवारी घर बघायला येणार होती. स्वतःच्याच माहेरात बघण्यासारखं काय राहिलंय, असं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी फोनवर विचारून पाहिलं.

"दिवे बघणार आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी भरदुपारी तीन खोल्यांत पाच दिवे चालू होते, बाबा. त्याच्या आधी गॅस. तुम्हाला आता एकटं ठेवायला माझा जीव धजत नाही. इकडे तुमच्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीये."

आता जिथे आपण एकेचाळीस वर्षं काढली ते घर एका रविवारी दिव्यांवरून सुटावं, हे कुठल्याही माणसाला कसं पचावं? घड्याळजी खोलीभर फिरले. खिडकीशी बायकोचं शिवणयंत्र होतं. आठ महिन्यांत त्याला कोणी हात लावला नव्हता. सुईखाली एक अर्धवट बाही तशीच होती, आणि ती बाही कोणाची हे सांगणारी आता नव्हती.

खरं सांगायचं तर दिवे चालू ठेवून खोलीबाहेर पडायची खोड घड्याळजींना लग्नाआधीपासून होती. लग्नानंतर फरक एवढाच झाला की मागून बायको यायची आणि बंद करायची. शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण ती दिवसभर काढायची नाही, त्यामुळे बटणावर आधी 'टक्' वाजायचं, मग तिच्या तोंडून 'च्च' यायचं. एकेचाळीस वर्षं हे टक् आणि च्च चाललं, आणि त्याबद्दल दोघं एकदाही भांडले नाहीत. ती गेल्यापासून घरात नुसता उजेड होता.

घड्याळजी उठले आणि थेट टीव्हीवाल्याकडे गेले. टीव्हीवाला म्हणजे त्यांचा जुना दोस्त. टीव्ही दुरुस्त करून घ्यायचं लोकांनी सोडल्यापासून तो वेळ घालवायला नाना खटपटी करायचा. जास्त पाणी पडलं की रागाने वाजणारी कुंडी त्यानेच बनवली होती.

"अरे, माणूस खोलीतून गेला की दिवा बंद करेल असं काही होतं का?" घड्याळजींनी विचारलं.

"बाजारात तयार मिळतं की."

"तयार नको. बटण दाबून बंद झालं पाहिजे. बोटाने."

टीव्हीवाल्याने काही न विचारता खणातून तळहाताएवढी निळी पाटी काढली. "ही घे. हिच्यात चिमुकला मेंदू आहे. आपण लिहून देऊ तेवढंच करते, स्वतःची अक्कल चालवत नाही. हा पांढरा डोळा हालचाल बघेल, ही छोटी मोटर बोट हलवेल. फक्त एक ध्यानात ठेव, वेळ हिला सेकंदाच्या हजाराव्या भागात सांगायची."

"हजाराव्या?" घड्याळजी खूश झाले. "मग आपल्यातलीच आहे म्हणायची."

पाटीवर लिहायला टीव्हीवाल्याने आपला जुना लॅपटॉपही रविवार दुपारपर्यंत दिला. पुढचे सहा दिवस दुकान अर्धा वेळ बंद राहिलं. घड्याळजींनी लाकडाचं एक बोट तासलं. ते चार वेळा मोडलं, एकदा उलटं फिरून त्यांच्याच नाकावर बसलं. पाचवं बोट जमलं. मग त्यांनी शिवणयंत्राचा खण उघडला, पितळी टोपण काढलं, शर्टाला पुसलं आणि त्या लाकडी बोटावर बसवलं. ते जरा सैल होतं. आत दोऱ्याचे दोन वेढे द्यावे लागले.

यंत्र बाहेरच्या खोलीच्या बटणाशी बसलं. तपासण्यापुरती दहा सेकंदांची वेळ टीव्हीवाल्यानेच लिहून दिली होती. घड्याळजी दिवा चालू ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभे राहिले. बाहेर 'टक्' झालं. ते पुन्हा आले, दिवा लावला, पुन्हा गेले. असं त्या संध्याकाळी किती वेळा झालं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी वेळ वाढवून दहा मिनिटं करायला घेतली, म्हणजे पाहुणे निवांत बसले तरी अडचण नको. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद. आता घड्याळजींची हयात गेली होती शर्यतीची घड्याळं दुरुस्त करण्यात, आणि त्या घड्याळांत सेकंदाचे भाग असतात दहा. टीव्हीवाल्याने हजार सांगितले होते, कानांनी ते ऐकलंही होतं, पण हाताने सवयीप्रमाणे सहाशेला दहाने गुणलं आणि जुना आकडा न बघताच पुसून सहा हजार लिहून टाकले. पाटीने ते मुकाट्याने मान्य केलं. पुन्हा तपासायचं घड्याळजींच्या मनातही आलं नाही. वेळेच्या बाबतीत आपण चुकू, ही शंका त्यांना उभ्या जन्मात शिवली नव्हती. दुपारी टीव्हीवाला लॅपटॉप घेऊन गेला.

संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. मुलीने आत जाऊन बाकीच्या खोल्या पाहिल्या. घड्याळजींनी सकाळीच सगळे दिवे बंद करून ठेवले होते. ती बाहेर येऊन बसली. अंधारून आलं, म्हणून घड्याळजींनी दिवा लावला आणि बोलायला सुरुवात केली. "हे बघ, आता दिव्यांची काळजीच मिटली. मी असं यंत्र..."

टक्. अंधार.

"वीज गेली वाटतं," जावई म्हणाला. तो विम्याच्या कचेरीत साहेब होता आणि सहसा मानसुद्धा हलवायचा नाही.

"वीज आहे," घड्याळजी म्हणाले आणि दिवा लावला. "त्याला वाटलं खोलीत कोणी नाही."

"आम्ही तिघं बसलोय की."

"हो, पण हालत नाही आहोत." टक्.

तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा घड्याळजींना शर्यतीची घड्याळं आठवली आणि सकाळची चूक ध्यानात आली. पण आता बोलायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी दिवा लावला आणि हात हलवत राहिले. "जरा हात हलवत बोललं की काही होत नाही."

मग काय, तिघंही हात हलवत बोलू लागली. मुलगी औषधांबद्दल विचारताना वारा घातल्यासारखा हात हलवत होती. जावई साहेबी थाटात एकेक हात वर करत होता, पण चहाचा कप हातात आल्यावर त्याची पंचाईत झाली. त्याने कप धरून डोकं हलवायला सुरुवात केली आणि निम्मा चहा शर्टावर घेतला. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई धापा टाकत उभ्या होत्या.

"काय झालं हो? खिडकीतून दिसतंय, दिवा लागतोय, विझतोय, आणि तुम्ही सगळे हात वर करून... मला वाटलं, मदत मागताय."

"काही नाही झालं," घड्याळजी म्हणाले. "दोन शून्यं कमी पडलीत."

"बाबा, काढून टाका ना ते," मुलगी म्हणाली.

"काढायचं नाही." त्यांचा आवाज चढला. ते काढलं की घर गेलं, हे त्यांना दिसत होतं. "टीव्हीवाल्याला बोलवा. लॅपटॉप घेऊन ये म्हणावं. पाच मिनिटांचं काम आहे."

टीव्हीवाल्याचं घर शिक्षिकाबाईंना ठाऊक होतं. त्या ओल्या शर्टातल्या जावयाला घेऊन गेल्या. बापलेक दोघंच उरली.

"हात दुखायला लागले माझे," मुलगी म्हणाली आणि तिने हात खाली ठेवले. "तुमचं हे असं बघितलं की मला भीती वाटते, बाबा. आज दिवे विसरता, उद्या..."

टक्.

अंधारात तिने आवाजाकडे मान वळवली. "हा आवाज..."

"हं."

"आईचं टोपण आहे ते?"

"हो."

"मी अभ्यास करता करता झोपायचे ना, तेव्हा ती दिवा बंद करायला यायची. टक् झालं की कळायचं, आई आली." आठ महिन्यांपूर्वी दवाखान्याचे कागद तिनेच भरले होते, सगळ्यांना फोन तिनेच केले होते. बापासमोर रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि लेकीसमोर रडायचं नाही असं बापाने. आता ती रडत होती आणि घड्याळजीही रडत होते. दिवा लावायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"मी विसरत नाही गं," घड्याळजी म्हणाले. "दिवे मुद्दाम ठेवतो. चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जातो आणि थांबतो. कोणीतरी मागून येऊन बंद करेल असं वाटतं. येत नाही, पण बंद केला तर ते वाटणंही संपेल ना."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? म्हातारा दिवे लावून बायकोची वाट बघतो, असं?"

मग नाक ओढत तिने विचारलं, "आणि गॅस?"

घड्याळजींनी थोडा विचार केला. "गॅस मात्र विसरलो होतो."

ती रडता रडता हसली.

टीव्हीवाला लॅपटॉप बगलेत मारून आला आणि त्याने दारातूनच हात घालून दिवा लावला. "एवढं बजावून सांगितलं होतं, हजाराव्या भागात म्हणून. थांब, शून्यं घालतो."

"आज राहू दे, काका," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या रविवारी घाला." मग ती वडिलांकडे वळली. "मी दर रविवारी येत जाईन. गॅसचं बघू काहीतरी. खोलीचं मी परत बोलणार नाही."

निघताना दाराशी तिचा हात सवयीने बटणाकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि दिवा तसाच ठेवून ती जिना उतरली.

घड्याळजी खिडकीशी, शिवणयंत्राला टेकून, अजिबात न हलता उभे राहिले. टक्. अंधार झाला. खाली रस्त्यावर मुलगी वर बघत थांबली होती. घड्याळजींनी जाऊन दिवा लावला आणि परत खिडकीशी आले. टक्. पुन्हा लावला. टक्. जावई गाडीचं दार उघडून ताटकळला होता, पण ती जागची हलत नव्हती.

पाचव्या खेपेला फोन वाजला.

"बाबा, आता पुरे," खालून मुलगी म्हणाली. "आई दमली असेल."