खरातांच्या फोनवरचे रणगाडे

दोन यंत्रं एकमेकांना समजून घ्यायला नेहमीच तयार असतात. अडचण येते ती त्यांना माणसांच्या घरात ठेवल्यावर. हे सत्य १९९८ साली डोंबिवली पूर्वेच्या एका चार मजली सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, देवराम खरातांच्या बाहेरच्या खोलीत निर्विवादपणे सिद्ध झालं.

देवराम खरात रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं, या तत्त्वावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. हाताखालच्या पोरांनी सोयीचा आकडा लिहिला की ते दिवसभर त्यांच्याशी बोलत नसत. मुलगा दौलत याने सरकारी नोकरी सोडून कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी धरली, तेव्हाही त्यांनी हाच उपाय केला. फक्त दिवसाऐवजी वर्ष लागलं. बोलणं बंद करण्यापूर्वी ते एवढंच म्हणाले होते, "कायमची नोकरी ज्याला टिकवता येत नाही, त्याचं दुसरं काय टिकणार?" दौलत बायकोला, उत्तराला, घेऊन ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला गेला. (तिथे तेव्हा इमारती कमी आणि इमारतींच्या जाहिराती जास्त होत्या.) जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर मात्र इथेच राहिला.

तह घडवून आणला तो देवरामांच्या पत्नीने, भीमाबाईंनी. त्या काळी फोनच्या तारेतून दोन घरचे कॉम्प्युटर जोडून खेळ खेळता येत असे. मध्ये डोंगर, अलीकडे एक रणगाडा, पलीकडे एक. तोफेचा कोन आणि जोर आळीपाळीने ठरवायचा आणि गोळा सोडायचा. दर रविवारी अकरा वाजता बापाने डोंबिवलीतून आणि लेकाने ठाण्यातून एकमेकांवर तोफा डागाव्यात, असं ठरलं. तोंडाने बोलण्यापेक्षा त्यात धोका कमी होता. गोळा कोणत्या कोनातून सोडला की कुठे पडतो, हे गणित देवरामांना आवडतच होतं. शिवाय खेळात बोलावं लागत नव्हतं.

पहिल्या रविवारी तिसऱ्याच गोळ्याला पडद्यावर पाटी आली: संपर्क तुटला, जोडणी तपासा. पाठोपाठ फोन वाजला.

"हॅलो," दौलत म्हणाला. "तुमच्याकडे काय दिसतंय?"

"संपर्क तुटला असं दिसतंय."

"माझ्याकडेपण तेच. परत लावतो."

वर्षभरातलं हे पहिलं संभाषण. पुढच्या तासात ते आणखी चार वेळा झालं आणि प्रत्येक वेळी थोडं लांबलं, कारण बिघाड शोधायचा तर विचारावं लागतंच. फ्रिज चालू आहे का, मिक्सर लागला होता का, आई स्वयंपाकघरात आहे का, काय करतेय, कोंबडी का, बरं.

सोसायटीत कुणाचंही दुखणं एकट्याचं राहत नाही. सेक्रेटरी पोपटराव यांनी जिन्यातच संपर्क समिती स्थापन केली. समितीने खालील कारणं एकमताने मान्य केली:

चपला. (चपला घालून कॉम्प्युटरच्या खोलीत गेलं की व्हायरस शिरतो, हे पोपटरावांना बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं. साहेब स्वतः मोजे घालूनच बसत.)

प्लॅस्टिकचं कव्हर. ते काढलं तर धूळ बसते आणि घातलं तर पडदा दिसत नाही. समितीने ते अर्धं काढावं असा तोडगा दिला.

वरच्या मजल्यावरच्यांची वॉशिंग मशीन. हिच्याबद्दल पुरावा नव्हता, पण तक्रार जुनी होती.

उपाय सुरू झाले. देवरामांच्या दाराशी चपलांची रास पडली, त्यामुळे इथे काही कार्य आहे असं समजून आणखी माणसं आत आली. शास्त्रीय दृष्टीने पाहता सगळ्या उपायांचा परिणाम सारखाच होता. संपर्क पूर्वीइतकाच तुटत राहिला. दौलतचा फोनही पूर्वीइतकाच येत राहिला. चौथ्या रविवारी तो 'हॅलो'ऐवजी "जय भीम, बाबा" म्हणाला. देवरामांनीही "जय भीम" म्हटलं आणि मगच फ्रिज बंद असल्याची माहिती दिली. भीमाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि उगाचच भांडी घासू लागल्या.

देवरामांनी समितीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या पद्धतीने शोध सुरू केला. त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक वेळी पाटी येण्याच्या क्षणभर आधी बाजूच्या टेलिफोनमधून बारीक 'टिंग' होतं. ते उठले आणि समोरच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. आत कमळाबाई रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा मजल्यावर एकाकडे फोन असे आणि नंबर सगळ्यांचा असे. शेजाऱ्यांचे फोन आले की त्यांना हाका मारणं हा फोनधारकाचा धर्म होता. कमळाबाईंना हाका मारून मारून भीमाबाईंचा घसा बसला, तेव्हा देवरामांनी आपल्याच तारेवरून त्यांच्या घरात दुसरा फोन काढून दिला होता. एक लाइन, दोन रिसीव्हर.

"कमळाबाई, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी कशाला बोलू हो भाऊ? नुसता उचलून बघते, चालू आहे का." कमळाबाईंनी रिसीव्हर ठेवला. "टिटवाळ्याला पोरीचे दिवस भरलेत. दुसरी खेप, म्हणून सासरीच ठेवलीय. केव्हा फोन येईल सांगता येत नाही. आणि आपला फोन काही बरा नाही बघा. उचलला की आत किर्र किर्र करतो, जसं काय कुणी त्याचा गळा दाबतंय. म्हणून मी परत परत बघते."

"तो बरा आहे," देवराम म्हणाले. "तुम्ही उचलता म्हणून तुटतो."

"अगंबाई! मग तुटलाय का नाही हे कळणार कसं, उचलल्याशिवाय?"

या प्रश्नाला प्रयोगशाळेतही उत्तर नव्हतं. दौलतचा पुढचा फोन आला तेव्हा देवरामांनी त्याला तुटण्याचं कारण तेवढं सांगितलं.

सुदैवाने त्याच आठवड्यात टिटवाळ्याहून निरोप आला आणि कमळाबाई डिंकाचे लाडू घेऊन, घराला कुलूप लावून लेकीकडे गेल्या. पुढच्या रविवारी रणगाडे सुरू झाले ते खेळ संपेपर्यंत थांबले नाहीत. टिंग नाही, पाटी नाही. दौलत जिंकला. पडद्यावर तसं लिहून आलं आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद झाला. पोपटरावांनी सोसायटीच्या फळ्यावर 'चपलाबंदी यशस्वी' अशी नोंद केली.

"काय म्हणाला?" भीमाबाईंनी विचारलं.

"जिंकला."

"ते नाही विचारलं. बोलला काय?"

"बोलायचं कारणच आलं नाही. जोडणी उत्तम होती."

त्यापुढच्या रविवारीही जोडणी उत्तम होती. इतकी उत्तम, की भीमाबाईंनी रागाने कोंबडी आणलीच नाही. "कुणाला सांगायची?" त्या म्हणाल्या. देवराम हरले. नंतर फोनकडे पाहत बसले. फोन पूर्णपणे निर्दोष होता.

कमळाबाई गेल्यापासूनच्या तिसऱ्या रविवारी सात-आठ गोळे झाले, तेव्हा देवरामांचा उजवा हात टेलिफोनकडे गेला. सोयीचा आकडा लिहिणाऱ्या पोरांची तोंडं त्यांना एकामागून एक आठवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रिसीव्हर नुसता उचलायचा आणि ठेवायचा. हात रिसीव्हरच्या वर, वीतभर अंतरावर थांबला. दारातून भीमाबाई बघत होत्या.

"उचला की," त्या हळूच म्हणाल्या. "बोटं झिजणार नाहीत."

तेवढ्यात पडद्यावर पाटी आली: संपर्क तुटला, जोडणी तपासा.

देवरामांचा हात हवेतच होता. फोन वाजला.

"जय भीम, बाबा. परत तुटलं बघा. तुमच्याकडे कुणी उचलला का?"

"जय भीम. नाही. कमळाबाई अजून टिटवाळ्यालाच आहेत."

"मग... आईने?"

"तिचे हात रिकामे आहेत, दिसताहेत मला."

देवरामांनी पद्धतशीर विचार केला. फ्रिज बंद. मिक्सर बंद. कमळाबाईंच्या दाराला कुलूप. टिंग झालेलं नाही. इकडची एकेक शक्यता गळाली, म्हणजे उरलेली एकच, आणि ती घोडबंदर रोडला, नव्या इमारतीत, फोनपाशी बसलेली होती. असा स्वच्छ निष्कर्ष त्यांच्या नोकरीत फार थोड्या वेळा निघाला होता.

"काय असेल मग?" दौलतने विचारलं. त्याचा आवाज शाळेत पाटी फोडून घरी आल्यावर यायचा तसा येत होता.

"काही सांगता येत नाही," देवराम म्हणाले. "शोधावं लागेल. वेळ लागेल."

"चालेल."

"तुझ्या खोलीपासून सुरुवात करू. काय काय आहे तिथे?"

"टेबल आहे. पंखा. उत्तराने कुंडी ठेवलीय, गवती चहाची."

"कुंडीला पाणी घातल्यावर तुटतं का?"

"तसं... बघितलं नाही."

"बघायला हवं. खिडकी कुठल्या दिशेला? बाहेर काय दिसतं?"

"डोंगर दिसतो, बाबा. खरंच. खेळातल्यासारखा."

भीमाबाई जमिनीवर बसल्या आणि त्यांनी 'विचारा, जेवतो का वेळेवर' अशी खूण केली. जेवणाचा जोडणीशी संबंध काय, असं देवरामांनी विचारलं नाही. विचारलं ते जेवणाचं. खेळ त्या दिवशी पुन्हा लावायचा राहिला.

संध्याकाळी पोपटराव खडू घेऊन आले. "खरातसाहेब, आज परत तुटलं म्हणे. कोण आलं चपला घालून? कारण कळलं का?"

तीस वर्षांत एकही खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"नाही," देवराम म्हणाले. "कारण अज्ञात. लिहा, तपास चालू आहे."

पोपटरावांनी तसं फळ्यावर लिहिलं. कमळाबाई परतल्यावरही (नातू झाला, वजन उत्तम) त्यांना रिसीव्हर न उचलण्याची सूचना कुणीही दिली नाही. समिती बिघाडाचं कारण आजतागायत शोधू शकलेली नाही. मात्र अनुभवावरून तिने सर्व घरांसाठी एक सूचना काढली असून ती इथे जशीच्या तशी देत आहोत: ज्यांच्या घरची जोडणी वर्षानुवर्षं एकदाही तुटलेली नाही आणि पलीकडून कुणी कधी 'तुमच्याकडे काय दिसतंय' असं विचारत नाही, त्यांनी ती चालू आहे असं समजून निवांत बसू नये. फोन उचलून बघावा.