कारण पर्याप्त नाही

डॉक्टरांनी रक्तदाबाची पट्टी माझ्या दंडावरून सोडली आणि विचारलं, "देशकरजी, आप अपने लिए कितना समय निकालते हैं?" मी खरं ते सांगितलं, दाढीला लागतो तेवढा. (तीही एक दिवसाआड.) "एक दिन तो आराम से जियो भाई," ते म्हणाले.

त्यांचं चुकलं नव्हतं. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या संचालनालयात भोपाळहून ट्रकांनी फायली येत होत्या, आणि त्या उघडणारे हात मात्र तेवढेच होते. मी जेवताना फायली आठवायचो आणि झोपेत जावक क्रमांक बडबडायचो. म्हणून मी बुधवारची एक रजा घ्यायचं ठरवलं. एवढंच ठरवलं, बरं का!

पण रजेच्या अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो, आणि आमच्या ऑफिसात तो रकाना तपासणारा बाबू मीच. मागच्याच महिन्यात हरिदास शिपायाने तिथे 'मन नइ लागत हे' असं लिहिलं होतं, आणि मी लाल शाईने 'कारण पर्याप्त नहीं' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला होता. आमच्या शाखेतल्या परागने आजी आजारी आहे म्हणून रजा घेतली आणि आजी भाजीबाजारात मेथी निवडताना सापडली, तेव्हा त्याची नोटीस मीच टाइप केली होती. आता कोणत्या तोंडाने 'स्वतःसाठी' लिहिणार? अर्धा तास पेन चावलं आणि लिहून टाकलं, 'पत्नी बीमार है'. (लग्नाच्या अठरा वर्षांत रमा एकदाही अंथरुणाला खिळली नव्हती. म्हणजे हे कारण अगदी कोरं, न वापरलेलं होतं.)

रमाला मात्र हे सांगायचं राहून गेलं.

बुधवारी चौबे कॉलोनीतल्या आमच्या अंगणात माझं सावकाश जगणं सुरू झालं. तिळाचं तेल कोमट हवं होतं, ते रमाने केलं. उटणं रमाने कालवलं. आंघोळीनंतर साबुदाण्याची खिचडी खाईन म्हटलं, तिचे दाणे रमा कुटत होती. मध्येच माझी पाठ चोळायला तिला दोनदा बाहेर यावं लागलं.

"तुम्ही बसा आरामात," ती म्हणाली. "मी धावून राहिली ना तुमच्या वाटचं."

टोमणा होता. तेल कानात गेल्यामुळे तेव्हा कळला नाही.

अकरा वाजता फाटकाशी ऑफिसची जीप थांबली. भोपाळहून बदलून आलेल्यांचं या गावात कोणी नव्हतं. म्हणून कोणाच्या घरी दुखणं निघालं की सगळ्या शाखेने फळं घेऊन बघायला जायचं, अशी आमच्यात पद्धत होती. (ती मीच सुरू केली होती.)

मी पंचा सावरत स्वयंपाकघरात धावलो. "रमा, झोप! लवकर झोप!"

"काहून?"

"तू बिमार आहेस."

"कधीपासून?"

"कालपासून. अर्जात."

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या तेलाकडे पाहिलं, बत्ता खाली ठेवला, हात धुतले आणि पलंगावर जाऊन पांघरूण घेतलं. तिथेच मी घाबरायला हवं होतं.

साहेब आत आले. मागे शाखेतल्या शारदा दीदी, हरिदास आणि सफरचंदं घेऊन पराग. माझ्या अंगावरून फरशीवर तेल ठिबकत होतं.

"ये तेल?" साहेबांनी विचारलं.

"सर, वाइफ की मालिश का है."

"तो आप पर कैसे?"

"थोड़ा बच गया था, सर."

परागच्या डोळ्यांत आजीची मेथी चमकली. तेवढ्यात आमची श्रावणी शाळेतून आली. (नेमकी त्याच दिवशी अर्धी शाळा.) पोट्टी दारातूनच ओरडली, "मम्मी, क्या हुआ? सुबह तो चादरें धो रही थीं!"

झालं. बावीस वर्षांची नोकरी आणि लाल शाईची इज्जत, दोन्ही त्या चादरींत गुंडाळल्या गेल्या. उद्या माझी नोटीस पराग टाइप करणार, आणि तीही चुका न करता.

शारदा दीदी पलंगाशी बसल्या. "भाभी, सच बताइए, तकलीफ कब से है?"

मी डोळे मिटले.

"अठरा साल हो गए, दीदी," रमा म्हणाली. "कमर दुखती है. पाँच बजे उठती हूँ. दिन में लेटी हूँ, ऐसा तो याद नहीं. आज पहली बार लेटी, तो पता चला कि इस कमरे की छत पर छिपकली रहती है."

शारदा दीदींनी पदर डोळ्यांना लावला. मला फार लाज वाटली. ती आजार नव्हे, आपला रोजचा दिवस सांगत होती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"देशकर," साहेब म्हणाले, "ये तो गंभीर मामला है. आप शनिवार तक घर पर रहिए. सेवा कीजिए. हम रोज़ किसी को भेजेंगे."

"चहा तर पाजा सर्वांले," पांघरुणातून क्षीण आवाज आला.

मी स्वयंपाकघरात गेलो. "साखर कुठे आहे?"

"डावीकडे. वरचा नाही, खालचा डबा. वरचा रव्याचा होय. तेलाचे हात लावू नका!" आजारी माणसाच्या मानाने आवाज चांगला खणखणीत होता.

शनिवारपर्यंत मी स्वयंपाक केला, भांडी घासली, चादरी धुतल्या. रोज अकराला हरिदास तपासायला यायचा, माझ्या हातातला झाडू बघायचा आणि "हव, बने हे", म्हणजे ठीक चाललंय, असं म्हणून समाधानाने परत जायचा. रमा पलंगावर पेरू खायची. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. माझा रक्तदाब वीसने वाढला.

रविवारी सकाळी तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. शुद्ध सरकारी नमुन्यातला अर्ज. 'दर बुधवारी रजा मिळावी. कारण : स्वतःसाठी.'

बावीस वर्षांची सवय हो! माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

"पूर्ण वाचा आधी," रमा म्हणाली.

मी वाचलं. अगदी तळाशी लिहिलं होतं, 'प्रतिलिपि : साहेबांना, सूचनार्थ.'

मी पेन खिशात परत ठेवलं आणि विचारलं, "कणकेत मीठ किती टाकू?"