नमुन्याची शवपेटी

"या देशात आता लहान माणसाचे दिवस आले आहेत!" मनोंग सेल्सोने भल्या सकाळी जाहीर केलं. जाहीर करताना त्याचा एक पाय शवपेटीच्या झाकणावर होता आणि उजवा हात चौकातल्या पुतळ्यासारखा आभाळाकडे.

"पाय काढ," त्याची बायको बेनिंग म्हणाली. "रंग ओला आहे."

सेल्सोने पाय काढला. पांढऱ्याशुभ्र झाकणावर अनवाणी पावलाचा ठसा उठला होता, पाचही बोटांसकट.

"वा!" बेनिंग म्हणाली. "मेयरला सांग, आमचं गिऱ्हाईक स्वतःच चालत स्वर्गात गेलं!"

सेल्सोने ब्रश उचलला.

सांता रुफिना हे समुद्रकाठचं गाव. सेल्सोच्या आधी त्याचा बाप, आणि बापाच्या आधी आजा, याच गावात शवपेट्या करत आले. गावातली पोरंसोरं त्याला मनोंग, म्हणजे दादा म्हणत. आणि मनोंगचं गिऱ्हाईक म्हणजे कोळी, ऊसतोडे, नाहीतर ज्यांच्याकडे मरण सोडून स्वतःचं काही नाही असे. अशांना पालिका फुकट पेटी देई. चांगली गोष्ट! पण त्या पेट्यांचं कंत्राट दरवर्षी न चुकता इलोइलो शहरातल्या एका बड्या कंपनीला जाई. कंपनीची पेटी वरून बघावी तर लग्नाचा केक, आणि तळ म्हणाल तर पापड. गेल्या वर्षी चर्चच्या पायऱ्यांवर एका पेटीचा तळ सुटला आणि आतला पिदोय म्हातारा थेट फादरच्या पायाशी आला. आयुष्यभर चर्चकडे फिरकला नव्हता तो!

सेल्सोचे दोन्ही सुतार त्याच कंपनीत गेले होते. सेल्सोलाही निरोप आलेला होता: या, पॉलिश मारायला माणूस हवाच आहे. यंदा पालिकेचं कंत्राट मिळालं तर दुकान राहील, नाही मिळालं तर करवत खुंटीला टांगायची आणि इलोइलोला जाऊन परक्याच्या पेट्या चमकवायच्या, हे नवराबायकोचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बेनिंगने ठरवलं होतं आणि सेल्सो गप्प बसला होता.

मग राजधानीतून एक बाई आल्या. लहान उद्योजकांसाठी शिबिर झालं. मागे मोठा फलक, फलकावर मेयरचा मोठा फोटो आणि उद्योजक हा शब्द शोधावा लागेल इतक्या बारीक अक्षरात. "संधी सर्वांना समान!" बाई म्हणाल्या. "टेंडर भरायला आता कुणाच्या वशिल्याची गरज नाही!" प्रत्येकाला एक टोपी आणि डबीतून पानसितच्या शेवया मिळाल्या. बाकीच्यांनी पानसित खाल्लं. सेल्सोने भाषणही खाल्लं!

अट एवढीच, की टेंडरचं पाकीट आणि पूर्ण मापाची एक पेटी, नमुना म्हणून, पालिकेत एकत्र पोचली पाहिजे, नऊचे ठोके पडायच्या आत. नुसतं पाकीट चालणार नाही. नुसती पेटी तर मुळीच चालणार नाही.

नमुना सेल्सोने असा केला, की बेनिंगसुद्धा दोनदा हात फिरवून गेली. चांगल्या लाकडाचा तळ, आतून शिवलेलं पांढरं कापड, कोपऱ्याला कोपरा असा बसलेला की मुंगीलाही आत जायला परवानगी काढावी लागेल. पेटी बेनिंगच्या भाच्याच्या, रोमेलच्या तीनचाकीच्या टपावर आडव्या दोरांनी बांधली. पुढचं टोक रोमेलच्या डोक्यावर छपरासारखं आलं.

"तियो, हिचं काही माझ्यावर पडणार नाही ना?" रोमेलने काकाला विचारलं.

"पडली तर माप तुझंच आहे," सेल्सो म्हणाला. "चल!"

आता मंडळी, सरकारी कचेरीत जायचं म्हणून सेल्सोने लग्नातला पांढरा बारोंग सदरा आणि काळी पँट घातली होती. बेनिंगकडे धड झगा एकच, तो काळा. रडण्याचं म्हणाल तर रंगाच्या वासाने दोघांचेही डोळे सकाळपासून लाल होते. पाकीट सेल्सोने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. पुढे पेटी, मागे काळे कपडे, लाल डोळे. तुम्ही काय समजला असता?

न्हावीही तेच समजला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत टाकून तो रस्त्यावर आला आणि छातीवर क्रूस केला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही उठून उभं राहिलं.

"मनोंग, कोण गेलं?"

"कोणी नाही! नमुना आहे!"

"असं का बोलता? कोण गेलं सांगा तरी!"

"अरे रिकामी आहे पेटी! रिकामी!"

न्हावी गिऱ्हाइकाकडे वळला. "फारच मनाला लागलंय. मान्यच करत नाहीये बिचारा."

आणि तो मागोमाग चालू लागला. गिऱ्हाईकही निघालं, साबणासकट.

पुढच्या दुकानाने दार अर्धं ओढलं. ताडी घेऊन बसलेल्या दोघांनी ग्लास खाली ठेवले, आणि सकाळी त्यांनी ग्लास खाली ठेवणं ही काही लहान गोष्ट नव्हे. एका बाईने मयतासाठी म्हणून रस्त्यात नाणं टाकलं. मागून आलेली, प्रवाशांनी भरलेली जीपनी करकचून थांबली आणि गोगलगायीसारखी सरकायला लागली. मयताच्या पुढे गाडी काढायची छाती सांता रुफिनात कुणाची? पुढचे लोक तर आपणहून तीनचाकीच्या पुढे झाले आणि छत्र्या मिटून संथ चालायला लागले.

"हॉर्न वाजव!" सेल्सो ओरडला.

"मयताला हॉर्न?" रोमेल घाबरला. "तियो, माझं लग्न व्हायचंय अजून!"

"मयत नाही आहे रे त्यात!"

"मला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे? पाप लागायचं ते लागणारच!"

सेल्सो उतरला आणि पुढच्या गर्दीला हात जोडून सांगू लागला, "भावांनो, बाजूला व्हा! पालिकेत जायचंय, नऊच्या आत!"

"पाहिलंत?" ताडीवाल्यांपैकी एक गहिवरला. "दफनाची परवानगीसुद्धा धावपळ करून काढायची. गरिबाला मेल्यावरही सुटका नाही!"

हे इतकं खरं होतं, की सेल्सोने जोडलेले हात खाली घेतले.

शाळेच्या कोपऱ्यावर मुलांचं बँडपथक सराव करत होतं. पेटी बघून मास्तरांनी हात वर केला. पथकाला दोनच चाली येत, एक फिएस्ताच्या जत्रेची आणि एक वाढदिवसाची. मास्तरांनी विचार करून फिएस्ताची निवडली आणि ती इतकी सावकाश वाजवायला लावली, की ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये माणूस एखादी पोळी लाटून भाजून घेईल. पथकही मागे लागलं.

"टेंडर नको म्हणाले होते मी," बेनिंग आतून म्हणाली. "आता बँडही आला. केक तेवढा राहिला!"

सेल्सो हसला असता. पण तेवढ्यात मासळीबाजाराच्या तोंडाशी लोला पुरिंग उभी दिसली.

लोला पुरिंग सगळ्या गावाची लोला, म्हणजे आजी, पण तिचं स्वतःचं असं कुणी उरलं नव्हतं. तिचा मुलगा बेर्तो मोठ्या वादळाच्या वर्षी होडी घेऊन गेला तो गेलाच. होडीही आली नाही, तोही आला नाही. लोकांनी मेणबत्त्या लावल्या आणि हळूहळू लावायच्या सोडल्या. ती रोज धक्क्यावर जाऊन बसे आणि मासे निवडून देई. कुणी काही विचारलं तर माशांबद्दलच बोले.

ती सरळ तीनचाकीपाशी आली आणि टाचा उंचावून तिने पेटीला हात लावला.

"सेल्सो, कोण आहे रे आत?"

सकाळपासून जे उत्तर तो घसा फोडून देत होता, तेच त्याने दिलं. फक्त या वेळी हळू.

"कोणी नाही, लोला."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. रिकामी आहे."

म्हातारीने मान डोलावली. एवढ्या गर्दीत तिला एकटीलाच ते पटलं होतं.

"मग तो माझाच," ती म्हणाली.

आणि पेटीच्या कडेवर हात ठेवून ती चालू लागली. ढोल थांबला. न्हाव्याने टोपी काढली. बेनिंग तीनचाकीतून उतरली आणि म्हातारीचा दुसरा हात धरून चालायला लागली. रोमेलने इंजिन बंद केलं आणि गाडी हाताने ढकलायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

चर्च आणि पालिका एकाच चौकात, समोरासमोर. सेल्सोला पालिकेचं घड्याळ दिसत होतं. नऊला थोडाच अवकाश होता. पेटी सोडवून पलीकडे न्यायची, पाकीट ठेवायचं, झालं! पण मिरवणूक आपोआप चर्चकडे वळली होती. फादर अन्सेल्मो दारात धावत आले. आज दफन आहे आणि आपण विसरलो, या धसक्याने त्यांनी झग्याची बटणं खालीवर लावली होती.

"कुणाचं आहे?"

"बेर्तोचं, फादर," लोला म्हणाली.

फादरनी सेल्सोकडे पाहिलं. सेल्सोने घड्याळाकडे. "फादर, हा नमुना आहे," तो कुजबुजला. "नऊच्या आत पलीकडे द्यायचाय. नाहीतर माझं दुकान गेलं."

"मग ने बाबा," फादर तितकंच हळू म्हणाले. "मी अडवत नाही."

सेल्सोने दोराला हात घातला. गाठ त्यानेच मारली होती, सुटायला एक क्षण लागला असता. पलीकडच्या बाजूला लोलाचे दोन्ही हात पेटीवर होते आणि गाल लाकडाला टेकलेला. लाकडाशी ती काहीतरी बोलत होती. त्याला ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून त्यानेच मान फिरवली.

त्याने दोर सोडला नाही.

"चालू द्या, फादर," तो म्हणाला.

फादरनी पाणी शिंपडलं आणि प्रार्थना म्हटली. पूर्ण म्हटली, एक ओळ गाळली नाही. मध्येच समोरच्या घड्याळाने नऊचे ठोके दिले आणि सगळ्यांना वाटलं, तेही बेर्तोसाठीच.

त्यानंतर सेल्सो पालिकेत गेला, कारण माणूस जातो. मागून अख्खी मिरवणूक; रोमेलने पेटी टपावरून उतरवून पायरीपाशी ठेवली. व्हरांड्यात बड्या कंपनीची पेटी कालच ट्रकने येऊन बसली होती, फुगे बांधलेली.

"मनोंग, बंद झालं," खिडकीतल्या ग्लोरिबेल मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "दहा मिनिटं आधी आला असतात तर!"

"रस्त्यात मयत होतं, मॅडम."

"कुणाचं?"

सेल्सोने पाकिटाकडे पाहिलं. "ते जरा लांब सांगावं लागेल."

"नियम सगळ्यांना सारखा हो. एकालाच सवलत दिली तर न्याय कसला?"

"बरोबर आहे," सेल्सो म्हणाला. न्याय झाला होता यात शंकाच नव्हती. दोन टेंडरं यायची होती, त्यातलं एक आलं, तेच मंजूर!

इतकी गर्दी आणि पुढे पेटी असा योग मेयरसाहेब कसा सोडतील? ते जिना उतरून आले, त्यांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला आणि सुरू केलं. "मृताला मी जवळून ओळखत होतो! माझ्या प्रत्येक कार्यात तो पुढे असे! लहान माणसाच्या मागे हे सरकार—"

"पेटी रिकामी आहे, सर," ग्लोरिबेल मॅडम कानात म्हणाल्या. "नमुना आहे. उशिरा आलेला."

मेयरसाहेबांनी हात उचलला. तळहाताला पांढरा रंग लागला होता. "—ठामपणे उभं आहे," असं म्हणून त्यांनी वाक्य पुरं केलं आणि ते वर गेले. टाळ्याही पडल्या थोड्या.

सेल्सो खिडकीपाशीच उभा होता. "मॅडम, आणखी एक विचारू? पालिकेची फुकट पेटी या लोलाला मिळेल? मुलासाठी."

"मृत्यूचा दाखला लागेल."

"देह सापडला नाही."

"मग दाखला नाही मिळणार. गेला असं म्हणता येत नाही."

"मग आहे असं म्हणता येतं?"

ग्लोरिबेल मॅडमनी शिक्का उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला. "मनोंग," त्या म्हणाल्या, "असं विचारू नका हो."

गर्दी पांगली. न्हाव्याला गिऱ्हाइकाचा साबण वाळल्याचं आठवलं. पथक वाढदिवसाची चाल वाजवत शाळेत गेलं. पायरीवर सेल्सो आणि बेनिंग बसून राहिले, पुढ्यात पेटी.

"इलोइलोला सकाळची बस असते," बेनिंग म्हणाली.

"हो."

"तिथे तुला पॉलिशच मारायचंय. पाय ठेवू नकोस कशावर."

"नाही ठेवणार." त्याने पेटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "ही शेवटची. चांगली झाली होती, नाही?"

"फार चांगली झाली," बेनिंग म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले. आता त्यात रंगाच्या वासाचा काही संबंध नव्हता.

"लोला," सेल्सो उठून म्हणाला, "घेऊन जा तू ही. फादर जागा देतो म्हणालेत, समुद्राच्या बाजूला. रोमेल पोचवेल. चार पोरं बोलावतो उचलायला."

लोला पुरिंगने पेटीच्या एका टोकाला हात घालून ती जरा उचलून पाहिली. मग खाली ठेवली. तिच्या तोंडावर काहीतरी आलं, जे बाजारात एखादा मासा वजनाला कमी भरला की येत असे.

"देव तुझं भलं करो, सेल्सो," ती म्हणाली. "एवढं केलंस, आणखी एक करशील का?"

"सांग ना, लोला."

"आत थोडी वाळू घाल. पोरं उचलतील तेव्हा त्यांना वाटू दे, कुणीतरी आहे." तिने पेटीची कड चाचपली. "आणि हात राखून घालू नकोस हं. बेर्तो अंगाने बरा होता."