बस्त्याव सर आणि फेव्हरेटचा इतिहास

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'फेव्हरेट' हा शब्द बोलायचा नाही, असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण सगळे पाळतात. कारण लिफ्टमध्ये बस्त्याव सर असू शकतात.

मागच्या वर्षी चौथ्या मजल्यावरची रिद्धी नवीन दप्तर घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि म्हणाली, "अंकल, ये मेरा फेवरेट बॅग है." सरांचं उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट वर गेलं. ते बोट मी पाचवीपासून ओळखते.

"राजा कौन?" सर म्हणाले.

रिद्धी आईकडे बघायला लागली. आई, म्हणजे शाह भाभी, मजल्यांच्या आकड्यांकडे.

"फेवरेट है तो राजा होना चाहिए. राजा के बिना फेवरेट नहीं होता. तो राजा कौन?"

"मैं?" रिद्धी घाबरत म्हणाली.

"शाब्बास! और बाकी के बॅग? उनका क्या हुआ?"

चौथा मजला आला. शाह भाभींनी मुलीला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. त्या दिवशी पोरगी जुनी दोन्ही दप्तरं उराशी धरून झोपली, असं भाभींनी मला नंतर सांगितलं. तक्रार म्हणूनच सांगितलं.

बस्त्याव सर मूळचे समुद्रकाठच्या उत्तनचे. कागदोपत्री सेबॅस्टियन, पण उत्तनमध्ये सेबॅस्टियनचा बस्त्याव होतो आणि तेच नाव त्यांना आवडतं. भाईंदरच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी. गोडदेवची, मिठागरावर राबणाऱ्या माणसाची मुलगी, आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. हे मी दर वेळी सांगते आणि पुढेही सांगणार. आता बेव्हर्ली पार्कात माझं स्वतःचं घर आहे आणि नशीब असं की समोरच्या दारावर सरांची पाटी. लग्न त्यांनी केलं नाही. घरात एक टेबल, एक पलंग, भिंतीवर येशूची तसबीर, आणि खाकी कव्हर घातलेल्या अकरा वह्या.

त्या अकरा वह्यांत एका शब्दाचा इतिहास आहे. फेव्हरेट.

"बाई," सर मला म्हणतात. दहावी पास झालेल्या प्रत्येक मुलीला ते बाई म्हणतात. "बाई, हा शब्द लॅटिनमधून निघाला तेव्हा त्याच्या पोटात नुसती कृपा होती. मर्जी. इटलीत गेला, फ्रान्सला गेला, आणि इंग्लंडच्या दरबारात पोचला तेव्हा जवळजवळ शिवी झाला होता. फेव्हरेट म्हणजे राजाने लायकीपेक्षा जास्त डोक्यावर बसवलेला माणूस. लोक त्याला बघून थुंकायचे. राजाची मर्जी फिरली की पहिली मान त्याची."

ही माहिती त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण सोसायटीच्या पूजेला सेक्रेटरींनी माइकवर "हम सबके फेवरेट खजिनदार" असं म्हणून पटेलभाईंना हार घालायला बोलावलं, तेव्हा सर उभे राहिले आणि अशा फेव्हरेटांचं शेवटी काय व्हायचं ते त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं. मान कापण्याची खूण हाताने करून दाखवली. पटेलभाईंनी हार घेतला नाही. पुढच्या महिन्यात खजिनदारीही सोडली.

ब्युटी पार्लरवाल्या सुनीताचा मात्र फायदा झाला. एके काळी इंग्रज बायका कपाळाच्या बाजूला ज्या बटा सोडायच्या त्यांनाही फेव्हरेट म्हणायचे, हे सरांनी तिला फुटपाथवर थांबवून सांगितलं. आठवड्याभरात तिच्या दरपत्रकात 'फेव्हरेट कट' आला. चालतोय म्हणे.

स्टेशनकडे जाताना 'फेवरेट चायनीज' नावाची गाडी लागते. तिथे सरांनी मालकाला विचारलं, "राजा कौन?" तो कढईतून मान वर न करता म्हणाला, "राजा छोटा भाई है मेरा. गाँव गया है. खेती वही देखता है." सर कधी नव्हे ते इतिहास न सांगता, तिथे न खाता दोन प्लेट नूडल्स बांधून घेऊन आले. त्यातली एक मला दिली. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं.

शाळेत सरांचा वर्ग म्हणजे न्यायाची परमावधी. प्रश्न हजेरीपटाच्या क्रमाने. फळा पुसणंही क्रमाने. खडू आणायला जाण्याचा मान क्रमाने, मग तुम्ही वर्गात पहिले असा नाहीतर सलग तीन वर्षं त्याच बाकावर असा. माझा क्रमांक एकेचाळीस. मला उत्तर येत असायचं आणि माझी पाळी पुढच्या गुरुवारी असायची. इंग्रजीत मी सगळ्या तुकड्यांत पहिली आले तेव्हा सर पेपर हातात देऊन म्हणाले, "ठीक. बेचाळीस, पुढे ये." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते.

दहावीला आमच्याकडे स्लॅम बुक भरून घ्यायची साथ आली. फेव्हरेट रंग, फेव्हरेट हिरो, फेव्हरेट पदार्थ. मी धीर करून माझी वही सरांना दिली आणि त्यांच्या पानावर मुद्दाम एक ओळ वाढवली, फेव्हरेट विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी वही परत आली. रंग, हिरो, पदार्थ यांच्यापुढे एकच उत्तर, 'राजा कोण?' विद्यार्थ्यापुढची जागा कोरी.

ती वही माझ्याकडे अजून आहे. एकदा मी ती सरांसमोर ठेवली. "सर, आता सांगा. आता कोण ऐकतंय?"

त्यांनी पान उलटून पालटून बघितलं. "बाई, एकाला जवळ घेतलं की दुसरा आपोआप लांब जातो. इंग्रजांनी जवळच्याला शब्द दिला. लांब गेला त्याला दिलाच नाही. आपली भाषा बघा. आपल्या गोष्टीत राजाला दोन राण्या. एक आवडती, एक नावडती. तुमचा बाप मिठागरावर होता ना? मग म्हण ठाऊक असेल."

"नावडतीचं मीठ अळणी."

"तेच. मीठ एकाच आगरातलं, पण अळणी." मग चष्मा पुसत ते म्हणाले, "माझा एक भाऊ आहे. इंत्रू. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा."

त्या दिवशी मला अकरा वह्यांचं मूळ कळलं. दोन मुलगे. घरची होडी. बापाने एकाला पाद्रींच्या शाळेत घातलं आणि एकाला दर्यावर नेलं. ज्याला शाळेत घातलं तो मास्तर झाला, पगार, पेन्शन, बेव्हर्ली पार्क. दुसऱ्याला आज स्वतःची सही काढता येते, तेवढीच. पन्नास वर्षं इंत्रूने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि पन्नास वर्षं दर रविवारी तो धाकट्या भावासाठी मासळी राखून ठेवतोय. तीही निवडून.

"मला बापाने डोक्यावर बसवलं," सर म्हणाले. "काही कारण नसताना. तो शब्द मी शिकवायला लागलो तेव्हा मला तो आरशासारखा दिसला. इंत्रूची एकदा माफी मागायचीय. पण नुसतं जाऊन काय बोलू? आधी नीट मांडलं पाहिजे. सगळं लिहून नेतो आणि वाचून दाखवतो."

"मग कधी जाताय?"

"घोडा राहिलाय."

शर्यतीच्या घोड्यालाही फेव्हरेट म्हणतात, त्याचं प्रकरण बाकी होतं. घोडा झाल्यावर कॉम्प्युटर राहिला, त्यातही जपून ठेवलेल्या पानांची 'फेव्हरेट' यादी असते. कॉम्प्युटर झाल्यावर आइस्क्रीम. 'शब्दाचं अधःपतन, म्हणजे राजाला एक मिळायचा, तिसरीतल्या पोरीला अकरा मिळतात' असं एक प्रकरण नव्याने निघालं. दर रविवारी सर उत्तनला जायचे, मासळी घेऊन यायचे, वह्या तशाच पिशवीत.

यंदा मे महिन्यात ते परतले ते पडलेल्या चेहऱ्याने. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायची वेळ आली होती, आणि इंत्रूने सांगितलं होतं की या वेळी ओढली की तो पुन्हा जाणार नाही. हात थरथरतात. होडी आता इंत्रूच्या मुलाच्या ताब्यात.

"म्हणजे झालं," सर म्हणाले. "त्याचं आयुष्य दर्यावर संपलं आणि मी अजून आइस्क्रीमवर आहे."

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. मी म्हटलं, "सर, माझा दादा आठवीतून शाळा सोडून मिठागरावर गेला, म्हणून मी बी.ए. झाले. पदवी मिळाली त्याच दिवशी मी त्याच्या पाया पडले. वही नव्हती माझ्याकडे. या रविवारी तुम्ही वाचून दाखवणार आहात. मी बरोबर येतेय."

"एकेचाळीस," ते म्हणाले, "तुझी पाळी नाही."

"आज आहे," मी म्हटलं.

उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या सावलीत इंत्रूकाका जाळं सांधत बसले होते. सरांसारखंच नाक, फक्त रापलेलं. आम्हाला बघून म्हणाले, "ये मास्तर. ही कोण?"

"माझी विद्यार्थिनी. इंत्रू, काम थांबव. मला तुला काहीतरी वाचून दाखवायचंय."

"कान रिकामे हाईत. वाच."

सर पिशवीतल्या अकरा वह्या समोर मांडून उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसेच. लॅटिन झालं, इटली झाली, फ्रान्स झालं. काकांची सुई चालूच. राजाच्या फेव्हरेटची मान कापली तिथे काका थांबले.

"मर्जी राजाची, आन् मान चाकराची? भारी न्याव हाय. पुढं?"

पुढे बायकांच्या बटा. पुढे घोडा.

"ह्यो घोडा जिकतो का मग?"

"पुष्कळदा नाही."

काका इतके हसले की बाजूच्या होडीवरचे दोघं वळून बघायला लागले. "आवडता म्हणं! आन् पुढं?"

पुढे नावडतीचं पान होतं. सरांनी ते उघडलं आणि एक ओळ वाचली. त्यांनी वही मिटली. पन्नास वर्षांची तयारी बाजूला राहिली आणि ते नुसतेच म्हणाले, "इंत्रू, बापाने मला शाळेत घातलं. तुला होडीत. आवडता मी होतो. तुझ्या वाटणीचं सगळं मी घेतलं. मला माफ कर."

काकांनी सुई जाळ्यात खोचली. सरांकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"तू? आवडता?" ते म्हणाले. "येडा झाला काय, मास्तर? आवडता मी होतो! बाप मना एक दिस सोडत न्हवता. तू दर्यावर ओकायचास! तुला बोट लागायची. दोनदा नेला, दोनदा नव्या जाळ्यावर ओकलास. बाप बोलला, ह्यो पोर दर्याच्या कामाचा न्हाय, ह्याला पाद्रीबाबाच्या शाळेत टाका. लाडानं न्हाय घातला तुला, निकामी होतास म्हणून घातला!"

सर वह्यांकडे बघायला लागले.

"एवढ्या वह्या काळ्या केल्यास," काका म्हणाले, "मना एकदा इचारायचं होतं." आणि उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पिशवी होती. वर सुके बोंबील, खाली बर्फात एक पापलेट, त्या दिवसाच्या मासळीतलं सगळ्यात मोठं. "घे. निकाम्याला."

परतीच्या बसमध्ये मला हसू आवरेना. पन्नास वर्षांचं संशोधन, अकरा वह्या, आणि मुळातलाच पुरावा खोटा! "सर," मी म्हटलं, "शेवटचं प्रकरण नव्याने लिहावं लागणार."

सर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, दोन्ही हातांनी धरून. बर्फ वितळून पँट भिजत होती. पुढच्या सीटवरची मुलगी फोनवर कोणाला तरी "अरे वो तो मेरा फेवरेट है" म्हणाली. मी बोट वर जायची वाट बघितली. ते गेलं नाही.

एक थांबा गेला, दुसरा गेला. मग सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोट त्याला लागायची."

"कोणाला?"

"इंत्रूला. पहिली दोन वर्षं. रोज. घरी येऊन आईच्या मांडीत डोकं खुपसून रडायचा, पहाटे उठून परत जायचा. मी बघितलंय. मला दर्या कधी लागलाच नाही. एकदाही नाही."

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. "मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत?"

सरांनी एक हात पिशवीवरून काढला. भिजलेलं बोट हळूच वर आलं.

"राजाला," ते म्हणाले, "तोंडावर खोटं पाडायचं न्हाय."